दारात आलेल्याला ‘नको’ कसं म्हणायचं?

आमच्या धंद्यात किस्से गोळा करायला कुठं जावं लागत नाही. स्क्रीनवर एक प्रश्न लिहायचा, खाली दोन बटणं द्यायची आणि समोर एक भला माणूस बसवायचा. झालं, किस्सा तयार! संध्याकाळी नवरा विचारतो, "आज काय काम झालं?" मी म्हणते, "काम राहू दे बाजूला, आधी हे ऐक."

आम्ही तिघं. बेळगावातल्या अनगोळात पिठाच्या गिरणीवर एक खोली आहे, तिथं बसतो. विनायक अण्णा प्रोग्रॅम लिहितो. पुण्यातली नोकरी सोडून गावी आलाय. हुशार आहे, पण फोनवर बायकोनं "जेवलासा काय?" विचारलं तरी "प्रोसेसमध्ये आहे" म्हणतो. बसवराज त्याचा जोडीदार. घरी कन्नड, गल्लीत मराठी आणि भांडायचं झालं की हिंदी. आणि मी सुषमा. स्क्रीनवर जे शब्द दिसतात ते मी लिहिते. मी तापट आहे असं हे दोघं सगळीकडं सांगत फिरतात. ह्यांच्याबरोबर एक दिवस बसून बघा म्हणावं!

आम्ही करतो त्याचं नाव ‘राखण’. लिनक्सवर, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या फुकटच्या सिस्टीमवर, नवीन आलेल्या माणसासाठी फायरवॉल. म्हणजे कंप्यूटरच्या दारातला राखणदार. नेटवरनं कोण आत यायला बघतंय, कुणाला घ्यायचं, कुणाला परत पाठवायचं, ते हा बघतो. लिनक्सवर असले राखणदार पूर्वीपासून आहेत, आणि चांगले दणकट आहेत. पण ते बोलतात ते फक्त जाणकारांनाच कळतं. साध्या माणसाला कळेल असा राखणदार करायचा, एवढंच आमचं काम.

हसायला बरं वाटतं आता. तेव्हा मात्र हसणं सुचत नव्हतं, कारण निपाणीतली एक खोली चालू राहणार की बंद पडणार, ते ह्या राखणीवर अवलंबून होतं. ते सांगतेच पुढं.

* * *

‘राखण’चा पहिला अवतार अण्णानं एकट्यानं केला. मला शब्द विचारले नाहीत, बसवराजला काहीच विचारलं नाही. आणि बघायला बोलावलं कुणाला? गिरणीच्या मागं राहणाऱ्या पोतदार सरांना. सर गणिताचे निवृत्त शिक्षक. अर्ध्या अनगोळानं त्यांच्या छड्या खाल्ल्यात, अण्णानं पण. त्यांच्या जुन्या लॅपटॉपवर मुलानं लिनक्स घालून दिलेलं.

सर बसले. स्क्रीनवर खिडकी आली. "इनकमिंग कनेक्शन, टीसीपी, पोर्ट ६३१. अलाव ऑर डिनाय?"

सरांनी वाचलं. चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, परत घातला. परत वाचलं. अण्णा शेजारी वाकून उभा. शाळेत सर पेपर तपासताना उभा राहायचा तसाच.

"विनायक," सर म्हणाले, "प्रश्न चांगला आहे."

अण्णा खूश!

"किती मार्काला आहे?"

* * *

त्या दिवसापासनं शब्द माझ्याकडं आले. आल्या आल्या माझं आणि बसवराजचं वाजलं.

पहिलीच स्क्रीन होती भाषा निवडायची. मराठी, कन्नड, इंग्रजी. आता वर कुठली आणि खाली कुठली? बाहेरच्या माणसाला ह्यात काय एवढं, असं वाटेल. तुम्ही आमच्या सीमाभागात एक बोर्ड लावून बघा, मग कळेल.

मी म्हटलं, "मराठी वर. मी लिहिते ना शब्द?"

बसवराज म्हणाला, "कन्नडचे शब्द मी लिवतो की ओ मॅडम. मग?"

सकाळी सुरू झालेलं जेवायच्या वेळेपर्यंत चाललं. गिरणीवाला खालनं वर येऊन बघून गेला. शेवटी अण्णा वैतागला. "गप बसा दोघं. दर वेळी उघडलं की क्रम बदलेल. एकदा ही वर, एकदा ती वर. विषय संपला!"

आम्ही दोघं शहाण्यासारखं मान हलवून कामाला लागलो. दुसऱ्या दिवशी मी ‘राखण’ उघडली, तर कन्नड वर. बंद केली, परत उघडली. मराठी वर. बरं वाटलं. तशीच ठेवून चहा आणायला गेले. परत आले तर कन्नड वर! बसवराज खिडकीतनं बाहेर कावळे बघत उभा. तो जरा बाहेर गेल्यावर मी बंद करून परत उघडली.

संध्याकाळी अण्णा डोक्याला हात लावून बसलेला. "काय कळंना रं. सकाळपासनं प्रोग्रॅम आपोआप बंद व्हायलाय आणि आपोआप चालू व्हायलाय. जेवलो सुद्धा न्हाय. कुठंतर मोठा घोळ हाय ह्यात!"

बसवराज म्हणाला, "असंल की." मी म्हटलं, "नीट बघ हं."

* * *

आता निपाणीचं.

निपाणीतल्या एका वाचनालयात कंप्यूटरची खोली आहे. कंप्यूटर जुने, नवीन काही त्यांच्यावर चालत नाही, म्हणून अण्णानं सगळ्यांवर लिनक्स घालून दिलेलं. खोली सांभाळतात शकुंतला आक्का. आसपासच्या खेड्यांतल्या पोरी एसटीनं तिथं येतात, परीक्षेचे अर्ज भरतात, निकाल बघतात, अभ्यास करतात. आक्का त्यांना कंप्यूटर लावून देतात, चहा देतात आणि एखादीचा निकाल बिघडला तर तिच्याबरोबर रडतात सुद्धा.

एक दिवस बाहेरचा कुणीतरी नेटवरनं आत घुसला. सगळ्या स्क्रीनवर एकदम दात काढणारं माकड! एका पोरीचा शेवटच्या तारखेचा अर्धा भरलेला अर्ज त्यात गेला. तिनं परत भरला, पोचला, पण तोवर तिची आणि आक्कांची काय अवस्था झाली असेल!

वाचनालयाच्या कमिटीचे अध्यक्ष वकीलसाहेब. कोर्टात उभं आयुष्य गेलेलं, त्यामुळं कुणावर विश्वास म्हणून नाही. त्यांनी निकाल दिला. "पुढच्या मीटिंगला कमिटी समोर बसून बघणार. आक्कांना हे एकट्यानं सांभाळता आलं तर खोली चालू. दर वेळी बेळगावला फोन लावावा लागत असेल तर कुलूप घाला."

आक्का आम्हाला म्हणाल्या, "माजं काय न्हाय ओ. मी घरात बसून भाकऱ्या थापीन. पर ह्या पोरींनी कुठं जायचं?"

अण्णाचं तोंड तर बघवत नव्हतं, कारण ते दार उघडं ठेवून आला होता तोच.

* * *

पहिली परीक्षा आम्हीच घेतली. आक्कांना खुर्चीत बसवलं. प्रश्न आता माझ्या मराठीत. "एक अनोळखी कंप्यूटर आत यायला बघतोय. येऊ द्यायचं?" खाली ‘हो’ आणि ‘नको’.

आक्कांनी ‘हो’ दाबलं.

दुसरा आला. ‘हो’. तिसरा आला. ‘हो’. अण्णानं मुद्दाम एक भयंकर पाहुणा पाठवला. खिडकीत लिहिलेलं, "हा धोकादायक असू शकतो." आक्कांनी नीट वाचलं आणि ‘हो’ दाबलं!

"आक्का!" अण्णा ओरडला. "धोकादायक लिवलंय की ओ तिथं!"

"लिवलंय की. असतोय एकेकाचा स्वभाव."

"म्हणून आत घेतासा व्हय?"

आक्का त्याच्याकडं बघतच राहिल्या. "अण्णा, दारात आलेल्याला ‘नको’ कसं म्हणायचं ओ? मला न्हाय येत."

अण्णानं रात्रीत उपाय काढला. ‘नको’चं बटण हे एवढं मोठं केलं आणि लालभडक रंगवलं. दुसऱ्या दिवशी आक्का त्या बटणाच्या आसपास सुद्धा गेल्या नाहीत.

"लाल हाय," त्या म्हणाल्या. "कायतर होईल."

* * *

मी तर आशाच सोडली होती. बसमध्ये अण्णाला म्हटलं सुद्धा, "तुझं ते पुणं परत बोलावतंय बघ." चिडले की माझ्या तोंडाला लगाम राहत नाही. तो बिचारा खिडकीतनं बाहेर बघत बसला.

पण पुढच्या खेपेला एक गंमत झाली. आम्ही वाचनालयात बसलेलो. एक विक्रेता आला, जाड जाड ज्ञानकोश घेऊन. आक्कांनी त्याला बसवलं, पाणी दिलं. गाव कुठलं, पोरं किती, थोरली कितवीला, सगळं विचारलं. त्यानं सगळे खंड काढून दाखवले. आक्कांनी सगळे बघितले, "छान हायती" म्हणाल्या आणि शेवटी, "असं करा, पुढच्या आठवड्यात या की."

तो हसत उठला. नमस्कार करून गेला.

अण्णानं विचारलं, "पुढच्या आठवड्यात घेणार हाईसा ते?"

"छ्या! काय करायचंय घेऊन?"

"मग तो येणार की परत!"

"कशाला येतोय? त्याला कळलं की."

अण्णा उठून उभाच राहिला. पिशवीतनं लॅपटॉप काढला, तिथंच पुस्तकांच्या कपाटावर ठेवला आणि उभ्या उभ्या ‘नको’चं बटण खोडून टाकलं. त्या जागी मी लिहिलं, "नंतर या". काम तेच. दाबलं की आलेला बाहेर!

आक्कांसमोर पाहुणा पाठवला. ‘नंतर या’. दुसरा. ‘नंतर या’. तो भयंकरवाला पाठवला. त्याला तर वाचायच्या आधीच!

आम्ही नाचायचेच बाकी होतो. अण्णानं माझ्या हातावर टाळी दिली. तेवढ्यात एक पोरगी आली. "आक्का, माझी प्रिंट येईना की."

बघतो तर काय, प्रिंटरला पण आक्कांनी ‘नंतर या’ म्हणून परत पाठवलेलं.

"ह्यो तर आपल्याच कपाटावर बसलाय!" आक्का हळहळल्या. "आधी सांगायचं न्हाय व्हय? घरच्या माणसाला बाहेर ठेवलं की मी!"

* * *

म्हणून मग आम्ही पाहुण्यांच्या जाती केल्या. घरचा, गल्लीतला आणि परका. प्रिंटर घरचा. शेजारच्या टेबलावरचा कंप्यूटर गल्लीतला. बाकी जग परकं. आक्कांना हे एका दमात कळलं.

पण लॅपटॉपवाल्याचं काय? तो आज घरी असतो, उद्या गावाला. म्हणून नवीन ठिकाणी नेट जोडलं की ‘राखण’ विचारायची, "तुम्ही आता कुठं आहात? घरी की बाहेर?" घरी म्हटलं की दार थोडं सैल, बाहेर म्हटलं की घट्ट.

पोतदार सर लॅपटॉप घेऊन गोव्याला लेकीकडं निघाले. लोंढ्याला गाडी बदलायची होती. स्टेशनवर नेट जोडलं, प्रश्न आला, सरांनी ‘घरी’ दाबून टाकलं! परत आल्यावर अण्णानं बघितलं तर भर फलाटावर दार सताड उघडं.

"सर, लोंढा स्टेशन म्हणजे घर व्हय?"

"विनायक, त्या फलाटावर गाडीची वाट बघण्यात माझा निम्मा जन्म गेलाय. घरी तरी एवढा कुठं बसलोय मी?"

म्हणजे प्रश्नच चुकला होता. मी दोन दिवस डोकं खाजवलं आणि बदलून लिहिला. "इथं पिशवी ठेवून चहाला जाल का?" मला तर माझीच पाठ थोपटावीशी वाटली. पिशवी कुठं ठेवायची आणि कुठं नाही, हे सगळ्यांना कळतं.

सरांना विचारलं, "लोंढ्याला पिशवी ठेवून जाल, सर?"

"मुळीच नाही!"

"बघा! आता घरी जाऊन करा."

सर घरी गेले. दहा मिनिटांत अण्णाला फोन. "विनायक, घरातलं नेट चालतंय, पण प्रिंटर बंद पडलाय."

"पिशवीच्या प्रश्नाला काय उत्तर दिलंसा, सर?"

"नाही म्हणून दिलं."

"अहो, स्वतःच्या घरात?"

"घरात नातू आहे, विनायक!"

* * *

आणि मग कमिटीचा दिवस आला.

वकीलसाहेबांनी आधीच बजावलं होतं की अण्णानं निपाणीला यायचं नाही. "तो शेजारी असला की आक्का स्क्रीनकडं न बघता त्याच्या तोंडाकडं बघतात." मला यायला परवानगी होती, पण तोंड न उघडण्याच्या बोलीवर. माझ्यासारखीला ही शिक्षाच! बसवराजनं निघताना मला खिशातनं बडीशेप काढून दिली. "चघळत बसा मॅडम. बोलायचं झालं तर अजून घाला तोंडात."

खोलीत कमिटी अर्धगोल करून बसली. मधे वकीलसाहेब. आक्का नवी साडी नेसून कंप्यूटरपुढं. पोरी दारात एकमेकींच्या खांद्यावरनं वाकून बघतायत. त्यातली एक ती, अर्ज गेलेली. तिनं माझा हात धरलेला.

प्रिंटर आला. आक्कांनी आत घेतला. एक परका आला. आक्कांनी त्याला वाटेला लावलं. शेजारच्या टेबलावरनं एका पोरीनं फाइल मागितली. आक्कांनी दिली. एकदा सुद्धा अडखळल्या नाहीत. मी बडीशेप चावत मनात ओरडत होते, शाब्बास आक्का!

खजिनदार म्हणाले, "जमतंय की ओ त्यांना!"

वकीलसाहेब खुर्चीत मागं टेकले. "जमणारच. हा पढवलेला साक्षीदार आहे. ह्यांनी शिकवलं, त्यांनी पाठ केलं. पाठ केलेलं सगळं बरोबरच येतं. न शिकवलेलं काही आलं की समजेल."

माझ्या तोंडात उत्तर आलं होतं. बडीशेप गिळली. आक्कांचे हात मांडीवर आले, आणि मला वाटलं, गेली. खोली गेली!

तेवढ्यात स्क्रीनवर खिडकी आली.

"अनगोळच्या ऑफिसातनं विनायक हा कंप्यूटर चालवायला बघतोय. ओळखीचा आहे. घ्यायचं?"

मी कपाळावर हात मारून घेतला. काही अडलं तर अण्णाला बेळगावात बसून निपाणीचा कंप्यूटर चालवता येतो. पण आतल्यानं बोलावलं तरच यायचं, असा नियम त्यानंच केलेला. आज ह्याला कुणी बोलावलं होतं? तिकडं बसून जीव राहिना, म्हणून आक्कांना मदत करायला निघालेला! आता आक्का त्याला आत घेणार, तो बटणं दाबणार, ते वकीलसाहेब बघणार, आणि खोलीला कुलूप!

आक्कांनी मोठ्यानं वाचलं. खजिनदार म्हणाले, "अहो, हा तर आपलाच माणूस. घ्या की आत."

वकीलसाहेब पुढं सरकून बसले.

आक्का म्हणाल्या, "आपलाच हाय ओ. पर मी बोलावलं न्हाय." आणि परत पाठवला!

खिडकी परत आली. आक्कांनी परत पाठवला. परत आली. ह्या वेळी आक्कांनी खाली कोपऱ्यात बघितलं. तिथं एक बारीक बटण होतं, बसवराजनं हट्टानं घातलेलं, जे मी सुद्धा कधी वापरलं नव्हतं. ‘आज परत विचारू नको’. आक्कांनी ते दाबलं. खिडकी गेली ती गेली.

मग टेबलावरचा फोन वाजला. आक्कांनी उचलला.

"व्हय. व्हय, दिसलं की. तीनदा दिसलं." मग पलीकडचं ऐकून, "न्हाय ओ, मोडलं न्हाय काय. आवाज वळखला की तुमचा, न वळखायला काय झालं? पर काम काय काढलंसा ते सांगा की आधी." पलीकडनं अण्णा इतका मोठ्यानं बोलत होता की दारातल्या पोरींना ऐकू जात होतं.

वकीलसाहेबांनी विचारलं, "कोण आहे?"

आक्कांनी फोनवर हात ठेवला. "हे ज्यानं केलंय ना साहेब, तोच. आत येता येईना म्हणून वरडायलाय!"

वकीलसाहेबांनी चष्मा वर केला, स्क्रीनकडं बघितलं, मग आक्कांकडं. आणि म्हणाले, "सांगा त्याला, खोली चालू राहणार. पण बाहेरनंच ऐक म्हणावं!"